तिन्हीसांजेला रडणारं बाळ

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी पस्तीस दिवसांची, पहिलंच बाळंतपण, आई माहेरी. दिवसभर बाळ छान असतं. संध्याकाळी सातच्या सुमारास जे सुरू होतं ते दहा-साडेदहापर्यंत. चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी घेतलेले, मध्येच वारा सरतो. अंगावर घेतलं की दोन घोट पिते आणि तोंड फिरवून पुन्हा किंचाळते. आजी म्हणते, पोटात वारा धरलाय. सासूबाई फोनवर म्हणतात, तू वालाची उसळ खाल्लीस ना, त्याचंच हे. एका डॉक्टरांनी थेंब दिले, दुसऱ्यांनी ‘दूध पुरत नसेल’ म्हणून डब्याचं दूध सुचवलं. शेजारच्या काकूंनी घुटीचं सामान आणून दिलं. आईने विचारलंय, ‘यातलं नक्की कोणाचं ऐकू? आणि माझंच काही चुकतंय का?’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुमचं काहीही चुकत नाहीये. पहिल्याला जरा वेळ लागेल.

तुमच्या पत्रात माझ्या सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: जन्माचं वजन २ किलो ९००, परवाचं ३ किलो ७००, आणि दिवसाला सात-आठ लंगोट ओले. जन्मानंतर बाळाचं वजन थोडं उतरतं, आठ-दहा दिवसांत, फार तर पंधरवड्यात परत जन्माइतकं होतं आणि मग दिवसाला २० ते ३० ग्रॅमने चढत जातं. तुमच्या मुलीने ते व्यवस्थित केलंय. दूध पुरतंय, तेव्हा तो डबा उघडू नका. डब्याच्या दुधाच्या जाहिरातीला आपल्याकडे १९९२च्या कायद्याने बंदी आहे, पण हा सल्ला जाहिरातीतून येतच नाही. तो अशा दमलेल्या संध्याकाळी, बाळ रडत असताना, कोणाच्या तरी तोंडून येतो. असं रडणं अंगावर पिणाऱ्या बाळांत दिसतं तसंच वरच्या दुधावरच्यांतही दिसतं. दूध बदलून ते टळत नाही.

अशा रडण्याला आम्ही डॉक्टर कोलिक म्हणतो. हा शब्द मोठ्या आतड्याच्या ग्रीक नावावरून आलाय, त्यामुळे तपास सुरू व्हायच्या आधीच आळ पोटावर! मॉरिस वेसल या अमेरिकी बालरोगतज्ज्ञाने १९५४ मध्ये तीनचा नियम मांडला. दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यातून तीन दिवसांहून जास्त आणि तीन आठवड्यांहून जास्त रडणं म्हणजे कोलिक. तीन आठवडे घड्याळ लावून बसण्याइतका धीर कोणत्या घरात असतो? पोटाच्या तक्रारींच्या निदानासाठी जगभरच्या तज्ज्ञांनी ठरवलेल्या २०१६च्या रोम निकषांनी दवाखान्यातल्या निदानापुरतं ते घड्याळ बाजूला ठेवलं. बाळ पाच महिन्यांच्या आतलं, रडणं पुन्हा पुन्हा आणि लांबलचक, कारण सापडत नाही, घरच्यांना थांबवता येत नाही, पण ताप नाही, आजार नाही आणि वाढ चांगली. एवढं पुरे. साधारण पाचातल्या एका बाळाला हे होतं.

आता पोटावरच्या आरोपाकडे येऊ. १९६२ मध्ये टी. बेरी ब्रेझल्टन या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी आयांना बाळाच्या रडण्याची रोजची नोंद ठेवायला लावली. निरोगी बाळांचं रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढत गेलं, सहाव्या आठवड्यात दिवसाला पावणेतीन तासांच्या आसपास पोचलं आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत उतरलं. त्यातलं बरंचसं संध्याकाळचं. म्हणजे कोलिक नसलेलं बाळसुद्धा याच चढणीवरून जातं. तुमच्या मुलीची चढण जरा उभी आहे, इतकंच.

मला सगळ्यात पटलेला पुरावा दिवसांआधी जन्मलेल्या बाळांचा आहे. सहा आठवडे लवकर जन्मलेलं बाळ जन्मानंतर सहाव्या आठवड्यात सर्वात जास्त रडत नाही. मूळ तारखेनंतर सहा आठवड्यांनी रडतं. दोष आईच्या दुधात किंवा उसळीत असता तर तो बाळ प्यायला लागल्यापासूनचे दिवस मोजून दिसला असता. इथे तर गर्भ राहिल्यापासून मोजणी चाललेली दिसते. आफ्रिकेत कालाहारीच्या वाळवंटातल्या कुंग सान आया बाळाला दिवसभर अंगावर बाळगतात आणि तासातून अनेकदा पाजतात. त्यांची बाळं सलग फार वेळ रडत नाहीत, पण त्यांच्याही रडण्याचा चढउतार त्याच वयात होतो. कॅनडातले बालरोगतज्ज्ञ रोनाल्ड बार यांनी आयुष्यभर हाच विषय अभ्यासला. मेंदू पक्व होण्याचा हा एक टप्पा आहे, असं त्यांचं म्हणणं. मीही त्याच बाजूची.

मग पोट फुगलेलं का दिसतं? रडताना बाळ हवा गिळतं. ती खाली सरकते, पोट टणक लागतं, वारा सरतो आणि आपण म्हणतो, बघा, वारा होता. मी तर म्हणेन, बऱ्याचदा रडण्याने वारा होतो. पाय पोटाशी घेणं तर त्या वयाचं कोणतंही बाळ कोणत्याही कारणाने रडताना करतं. लस टोचल्यावर बघा.

वालाच्या उसळीचं सांगते. तुमच्या पोटात झालेला वारा तुमच्या आतड्यातून दुधात जात नाही, त्याला वाटच नाही. दुधात जाऊ शकतात ती प्रथिनं, म्हणून एक अपवाद खरा आहे. काही थोड्या बाळांना गाईम्हशीच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असते आणि आईने प्यायलेल्या दुधातूनही ती बाधते. अशा बाळाच्या शीमध्ये रक्ताचे धागे किंवा शेंबडासारखी आव दिसते, अंगावर खाजरं पुरळ असतं, वजन रेंगाळतं. तेव्हा आम्ही आईचं दूध, दही, ताक, पनीर, खवा दोन ते चार आठवडे बंद करतो आणि फरक पडला तर परत सुरू करून खात्री करतो. तुमच्या मुलीत यातलं काहीच नाही. तेव्हा दूध प्या, उसळ खा, पाणी भरपूर प्या. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं आणि मऊ भात-तुपावर ठेवायचं, हे ज्या घरात अजून चालतं तिथे बाळ तर रडतंच, आईही रडते.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येक घरात विचारते, तुम्हालाही विचारते. घरात कोणी सिगारेट-विडी ओढतं का, आणि तुम्ही किंवा तुमच्या आई मिशरी लावता का? ‘मी तंबाखू खात नाही, फक्त मिशरी लावते,’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. निकोटीन दुधात उतरतं, आणि धूम्रपान करणाऱ्या आयांच्या बाळांत कोलिकचं प्रमाण जास्त आढळलंय.

पोटाचा अगदी काहीच संबंध नाही असंही नाही. इटलीत तुरीनच्या डॉक्टरांना कोलिकच्या बाळांच्या आतड्यात लॅक्टोबॅसिलस जातीचे जंतू कमी आणि वायू करणारे जास्त दिसले. पोटतज्ज्ञ त्या बाजूने बोलतात. मेंदूविकारवाले वेगळंच सांगतात: आईला अर्धशिशी असेल तर बाळाला कोलिक होण्याची शक्यता अडीच पटींच्या घरात, आणि अर्धशिशी असलेल्या मुलांच्या तान्हेपणात कोलिक जास्त आढळतं. स्तनपान सल्लागार म्हणतात, आधी पाजणं बघा. घाईघाईने बाजू बदलली की बाळाला पुढचं पातळ, साखरेचं दूधच जास्त मिळतं आणि मागचं स्निग्ध दूध राहून जातं. ही तक्रार दर वेळी खरी नसते, पण एक बाजू बाळ स्वतः सोडेपर्यंत पाजा, यात तोटा काही नाही. लक्षण एकच असलं तरी वाटा अनेक असाव्यात, म्हणूनच एक औषध सगळ्यांना लागू पडत नाही.

औषधांआधी, मी काय नसल्याची खात्री करते ते सांगते. हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वाचा.

काही वर्षांपूर्वी रात्री दहा वाजता अडीच महिन्यांचा एक मुलगा आणला. ‘रोजचंच कोलिक आहे, पण आज जास्त आहे.’ ताप नाही, पोट मऊ, कान ठीक, जांघेत फुगवटा नाही. आईने टोपडं, झबलं, सगळं काढलं, फक्त पायातले विणलेले मोजे राहिले होते. मोजा काढला तर डाव्या पायाचं तिसरं बोट जांभळं, टपोऱ्या जांभळासारखं. बोटाच्या मुळाशी आईचा एक लांब केस तीन वेढे घालून रुतला होता. बाळंतपणानंतर केस गळतात, तो मोज्यात अडकला असणार. भिंग लावून, बारीक कात्रीने तो कापायला मला वीस मिनिटं लागली आणि पोरगं पाच मिनिटांत झोपलं. तेव्हापासून मोजे काढल्याशिवाय मी कोणालाही कोलिक म्हणत नाही. मनगटातला काळा दोरा, कमरेचा करगोटा, मनगट्या हेसुद्धा बघा. बाळ बाळसं धरतं, दोरा तेवढाच राहतो.

आणि हे दिसलं तर संध्याकाळ सरायची वाट बघू नका: हिरवी उलटी, १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, कारण तीन महिन्यांच्या आत ताप हा कधीच किरकोळ धरायचा नसतो, शीमध्ये रक्त, दोन-तीन वेळा पाजायला घेऊनही बाळ प्यायला तयार नाही, रडून रडून नव्हे, तर तसंच मलूल पडलेलं, टाळू फुगलेली, जांघेत किंवा वृषणाशी गाठ. रोज ठरल्या वेळी रडणारं बाळ एके दिवशी भलत्या वेळी, वेगळ्याच आवाजात रडायला लागलं, तर तेही दाखवा. आईला आवाजातला फरक कळतो. मी तो मानते.

आता थेंब. तुमच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. डायसायक्लोमिन असेल तर बाटली आत्ता बाजूला ठेवा. या औषधाने रडणं थांबतं, खोटं नाही. पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळांत श्वास अडकल्याच्या, झटके आल्याच्या नोंदी झाल्या, आणि या वयात ते द्यायचं नाही हे केव्हाच ठरलंय. तरीही दुकानात ‘पोटदुखीचे थेंब’ म्हणून ते सहज मिळतं. फक्त सिमेथिकोन असेल तर घाबरू नका, अपायकारक नाही. पण साध्या पाण्यासारख्या नकली औषधाशी तुलना केली तेव्हा दोन्ही सारखेच ठरले. आम्ही ते लिहून देतो, कारण रात्री दहा वाजता रिकाम्या हाताने घरी पाठवणं आम्हालाही जड जातं. हे कबूल करायला हवं.

ग्राइप वॉटर १८५१ मध्ये नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड या औषधविक्याने काढलं. मूळ मिश्रणात शेपूच्या बियांचं तेल, खायचा सोडा, साखर आणि चक्क मद्यार्क होता. आया खूश होत्या यात नवल ते काय! पुढे मद्यार्क काढून टाकला. शेपूचं बी म्हणजे आपला बाळंतशोपा. साहेबाने बाळाला पाजला, आपण बाळंतिणीला जेवणानंतर देतो. आपली रीत मला जास्त आवडते. बाळंतशोपा तुम्ही खुशाल खा, बाळाला सहा महिने दुधाशिवाय काही नको, पाणीसुद्धा नको.

घुटीबद्दल लिहिताना माझा हात अडखळतो, कारण माझ्या आजीने मला ती उगाळून दिली होती. सहाणेवर मुरुडशेंगेचा एक वेढा, हिरड्याचे दोन, सुंठ, जायफळ, वेखंड, हळकुंड. मुरुडशेंग पिळलेली असते, म्हणून पोटातल्या पिळावर द्यायची, ही कल्पना फार गोड आहे. पण वेढे मोजणारी आजी आता बहुतेक घरांत नाही. सहाण धुतलेली असेलच असं नाही, वेखंड जास्त झालं तर उलट्या होतात, जायफळ जास्त झालं तर गुंगी येते, आणि मध असेल तर वर्षाच्या आत तो पूर्ण वर्ज्य, कारण त्यातून बोटुलिझमचा, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या जंतुविषबाधेचा धोका असतो. काकूंना दुखवू नका. सामान ठेवून घ्या आणि वापरू नका. बेंबीभोवती कोमट पाण्यातला हिंग लावायला माझी ना नाही. हिंगाने काय होतं कोण जाणे, पण लावताना आजीचा हात पोटावरून हळूहळू गोल फिरतो, तो नक्की उपयोगाचा आहे. बेंबी पूर्ण सुकलेली हवी आणि पुरळ आलं तर बंद.

याच परंपरेला काळ्या बाजूही आहेत. मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या बाया तान्ह्याला अफूची बाळागोळी देऊन जात. पोर दिवसभर गप्प. मेळघाटात पोटफुगीवर पोटाला तापल्या विळ्याचे चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये २२ दिवसांच्या बाळाला असे ६५ चटके दिल्याची बातमी तुम्हीही वाचली असेल. बाळ गप्प झालं म्हणजे बरं झालं, ही समजूत या सगळ्याच्या मुळाशी आहे.

प्रोबायोटिकचे, म्हणजे आतड्याला उपयोगी जंतूंचे थेंब, त्यातही लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी, डीएसएम १७९३८ हा वाण, यामागे थोडाफार पुरावा आहे. चार चाचण्यांतल्या ३४५ बाळांची माहिती २०१८ मध्ये एकत्र तपासली. निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळांना फायदा दिसला, वरच्या दुधावरच्यांत तो दाखवता आला नाही. सगळ्यांची सरासरी धरली तर तिसऱ्या आठवड्याअखेर दिवसाचं साधारण २५ मिनिटं रडणं कमी. मेलबर्नच्या १६७ बाळांच्या चाचणीत फायदा दिसलाच नव्हता. तुमचं बाळ पूर्ण दिवसांचं, अंगावर पिणारं आहे. परवडत असेल तर डॉक्टरांना विचारून तीन आठवडे देऊन बघा, पण २५ मिनिटांहून जास्त अपेक्षा ठेवू नका. दिवसांआधी जन्मलेल्या बाळाला मात्र स्वतःच्या मनाने अजिबात नाही.

आता आज संध्याकाळचं बघू. साडेसहालाच, रडणं सुरू व्हायच्या आधी, एकदा शांत खोलीत पाजून घ्या. ट्यूबलाइट बंद, टीव्ही बंद, पाहुणे बाहेरच्या खोलीत. आपल्याकडे तिन्हीसांजेला दृष्ट काढतात, आणि बाळं नेमकी त्याच वेळी रडतात हे बायकांनी ब्रेझल्टनच्या कितीतरी आधी हेरलं होतं. मीठमोहऱ्या ओवाळायला हरकत नाही, फक्त विस्तवावर टाकाल ते अंगणात. धुरी, शेगडी बाळाच्या खोलीत नको.

रडायला लागली की तिला पालथी तुमच्या डाव्या हातावर घ्या. गाल कोपराच्या घडीत, पोट तुमच्या हाताच्या लांबीवर, तुमचा पंजा तिच्या मांडीला घट्ट धरून, दोन्ही पाय हाताच्या दोन बाजूंना लोंबते. उजवा हात पाठीवर ठेवा आणि चाला. थोपटण्यापेक्षा चालणं जास्त लागू पडतं. माझा मुलगा याच वयाचा होता तेव्हा मी एमडीची परीक्षा देत होते, आणि त्याला असा हातावर टाकून गच्चीत फेऱ्या मारत नवरा मोठ्याने माझ्याच नोट्स वाचायचा. मुलगा वीस मिनिटांत झोपायचा, बहुधा विषय बघून. दुपट्यात गुंडाळलंत तर हात-छाती घट्ट, पण कमरेखाली सैल. पाय सरळ करून बांधले की खुब्याला इजा होऊ शकते. झोळीत हलवा, पण हनुवटी छातीला टेकलेली नाही ना ते बघत राहा. झोप लागली की सपाट गादीवर, उताणीच. दिवसाही जास्त वेळ कडेवर, अंगाला बांधून ठेवा. १९८६ मध्ये माँट्रियलला तिसऱ्या आठवड्यापासून असं जास्त बाळगलेल्या बाळांचं सहाव्या आठवड्यातलं रडणं ४३ टक्के कमी आढळलं. एकदा कोलिक जोरात सुरू झालं की एवढा फरक पडत नाही, पण ‘उचलून सवय लागेल’ म्हणणाऱ्यांना सांगायला हा आकडा बरा. या वयात सवय लागत नाही.

आणि काहीच चाललं नाही तर? असं होईल, आठवड्यातून दोन-तीनदा नक्की होईल. तेव्हा बाळ तुमच्या आईच्या हातात द्या आणि गच्चीवर जा. घरात कोणी नसेल तर तिला पाळण्यात उताणी ठेवा, दार ओढून घ्या, दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत बसून चहा प्या. दहा मिनिटं रडल्याने बाळाला काही होत नाही. संतापाच्या भरात गदागदा हलवल्याने मात्र मेंदूत रक्तस्राव होतो, आणि अशा घटना नेमक्या याच वयात सर्वात जास्त घडतात. ते करणारी माणसं राक्षस नसतात, चौथ्या रात्री न झोपलेली असतात. तुम्ही लिहिलंय की मधेच ‘हे बाळ नकोच होतं’ असं मनात आलं आणि मग रात्रभर रडलात. एखाद्या वेळचा विचार असेल तर तो बहुतेक आयांना येऊन जातो. पण दोन आठवडे उदास वाटतंय, बाळ झोपलं तरी तुम्हाला झोप नाही, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येतात, यातलं काही असेल तर आजच सांगा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, चोवीस तास चालू, फुकट, आणि मराठीत बोलतात.

पुढच्या आठवड्यात दीड महिन्याची लस आहे. ती नेमकी रडण्याच्या शिखरावर येते, त्यामुळे ‘लसीनंतरच जास्त रडायला लागली’ असं घरात कोणीतरी म्हणणारच. लस चुकवू नका. त्या दिवशी लसीमुळे ताप आलाच तर पॅरासिटामोल, वजनावर काढलेल्या मात्रेत. ती तिथेच लिहून घ्या. येताना तिचे मोजे काढून आणा, रडण्याचा मिनिटभराचा व्हिडिओ आणा, आणि घरात जमलेल्या थेंबांच्या सगळ्या बाटल्या एका पिशवीत घालून आणा.